नदीकाठचं उद्यान: आखणी पाण्याच्या पातळीपासून

नदीकाठी मोठं उद्यान करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत यादी तयार होते: चालायला ट्रॅक, सायकलींना वेगळी वाट, मुलांची खेळणी, खुला रंगमंच, बोटी. यादीत वाईट काहीच नसतं, पण ती वेळेआधी आलेली असते. त्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात. या जागेवर पाणी किती वेळा येतं, आलं तर किती वेगाने वाहतं, आणि ओसरताना मागे काय ठेवून जातं. ही उत्तरं हाताशी असली की यादीतल्या बहुतेक गोष्टींच्या जागा आपसूक ठरतात. काही गोष्टी नदीकाठी नकोतच, हेही बांधण्याआधी कळतं.

इथे विषय गल्लीतल्या बागेचा नाही. प्रादेशिक उद्यान म्हणजे दोन-चार गावं आणि एखादं शहर मिळून वापरणार असा नदीलगतचा दहा-वीस किलोमीटरचा पट्टा. सरासरी रुंदी शंभर मीटर धरली तरी दहा किलोमीटरला १०० हेक्टर जमीन होते. एवढ्या जागेत सगळीकडे सारखी बाग फुलवणं जमत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. गर्दीची ठिकाणं मोजकी ठेवायची आणि त्यांना जोडणारी वाट लांब, शांत ठेवायची.

पाणी कुठवर येतं

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द फार फसवतात. एकदा आला म्हणजे पुढची ९९ वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच अर्थ. तीस वर्षांचा हिशेब केला तर निदान एकदा तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. पंचवीस वर्षांच्या पुराची शक्यता दर वर्षी ४ टक्के, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश. बाकं, फरसबंदी, खेळणी यांचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं असतं, तेव्हा हा आकडा फक्त अभियंत्यांच्या अहवालात ठेवून चालत नाही. जागा ठरवणाऱ्या प्रत्येकाला तो तोंडपाठ हवा.

पातळी शोधायची कशी? जवळ पाणीपातळी मोजणारं केंद्र असेल तर तिथल्या जुन्या नोंदी मिळवा. नसेल तर पुलाच्या खांबांवरच्या खुणा, झाडांच्या फांद्यांत अडकलेला कचरा, घरांच्या भिंतींवरच्या ओलीच्या रेषा आणि म्हाताऱ्या माणसांची आठवण कामाला येते. मात्र ‘पाणी पायरीपर्यंत आलं होतं’ एवढं लिहून थांबू नका. ती पायरी लेव्हल (उंची मोजायचं उपकरण) लावून उंची माहीत असलेल्या पक्क्या संदर्भबिंदूशी जोडा, म्हणजे आठवणीचा आकडा होतो. नदीचे आडवे छेद दर ५० ते १०० मीटरवर घ्या, आणि पूल, बंधारे व वळणं आली की आणखी जवळ घ्या. सगळं सर्वेक्षण उन्हाळ्यात उरकलं तर नदी अर्धीच दिसते. निदान एक पूर्ण वर्ष तिच्याकडे बघायला हवं.

यातून उंचीचा नकाशा तयार होतो आणि तोच आखणीचा पाया. नदी काठोकाठ भरून वाहते ती पातळी साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा गाठली जाते. पात्राला आकार देणारा प्रवाह मुख्यतः हाच. या पातळीखाली कायमचं काही बांधू नये. बांधलंच तर ते दर दोन वर्षांनी गाळाखाली जाणार हे धरून बांधावं. त्याच्या वर, दहा वर्षांच्या पुरापर्यंतच्या पट्ट्यात गवताळ मैदानं, पायवाटा आणि पाणी सोसणारी झाडं शोभतात. मोकळ्या खांबांचे निवारे आणखी वर. स्वच्छतागृहं, विजेचे पॅनेल, पंपघर, गोदाम आणि कार्यालय यांची जागा शंभर वर्षांच्या पुराच्या पातळीपेक्षा निदान अर्धा मीटर उंच असावी.

स्वच्छतागृहाच्या बाबतीत एक चूक हमखास होते. इमारत उंचावर बांधतात आणि सेप्टिक टाकी उताराला, खाली पुरतात. पुरात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि टाकी नावेसारखी उचलली जाते. दहा घनमीटर आकारमानाची टाकी पूर्ण पाण्यात गेली तर तिच्यावर खालून सुमारे दहा टनांचा दाब येतो. नुकतीच उपसून रिकामी केलेली हलकी प्लॅस्टिकची टाकी अशा वेळी पाइप तोडून वर येते. टाकी वरच ठेवावी. ते शक्यच नसेल तर तिला काँक्रीटच्या पायाशी जखडावी आणि पावसाळ्याच्या तोंडावर पूर्ण रिकामी करू नये.

भरावाचाही हिशेब इथेच करायचा. पूर पसरतो त्या जागेत माती टाकून उंचवटा केला की तेवढ्या पाण्याची जागा गेली. ते वरच्या गावात किंवा समोरच्या काठावर चढतं. जितके घनमीटर भरले तितकेच घनमीटर त्याच पट्ट्यात, त्याच उंचीवर खणून मोकळे करावेत. नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरात तर वाल नदीचा बांधच ३५० मीटर मागे नेला आणि नदीला नवी उपधारा खणून दिली. पुराची पातळी त्यामुळे सुमारे ३५ सेंटिमीटरने उतरली आणि दोन धारांमध्ये तयार झालेलं बेट उद्यान म्हणून लोकांना मिळालं. पुरापासून संरक्षण आणि फिरायला जागा या दोन वेगळ्या योजना कराव्या लागत नाहीत, हे तिथे डोळ्यांनी बघता येतं.

वेग आणि गाळ

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सेकंदाला दोन मीटर वाहणाऱ्या पाण्यात एक चौरस मीटरची आडवी फळी धरली तर तिच्यावर दोनशे किलोहून जास्त वजनाएवढा जोर येतो. म्हणून माहितीफलक, बाकं आणि कठडे प्रवाहाला समांतर ठेवतात, आडवे नाहीत. तारेची जाळी सगळ्यात दगाबाज. कोरडी असताना तिच्यातून वारा आरपार जातो, पण पुरात पाचोळा, पिशव्या आणि फांद्या अडकल्या की तासाभरात तिची भिंत होते. मग ती स्वतः पडते आणि पडताना खालचं काँक्रीटही उपटते. कठडा हवाच असेल तर आडवा पाडता येणारा किंवा पावसाळ्यापूर्वी काढून ठेवता येणारा घ्या, आणि तो काढायचा कोणी हे नावानिशी ठरवा.

वळण ओळखायला शिका. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी वेगाने आदळतं आणि काठ खातं. आतल्या बाजूला ते मंदावतं आणि वाळू, गाळ टाकतं. बाहेरच्या काठावरून दृश्य सुंदर दिसतं, म्हणून निरीक्षण मनोरा नेमका तिथे बांधायचा मोह होतो. तो काठापासून बराच मागे घ्या. आतल्या काठावरची वाळूची पुळण मुलांना खेळायला उत्तम असते. फक्त दर पुरानंतर तिचा आकार बदलेल.

गाळाचं गणित बहुतेक आराखड्यांत सापडत नाही. ह्यूस्टनमधलं बफेलो बायू पार्क पूर येणार हे धरूनच आखलेलं आहे. तरीही २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पुराने तिथे इतका गाळ आणून टाकला की तो काढायचं काम महिनोन् महिने चाललं. गाळ ओला असेपर्यंत पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला जातो. वाळला की त्याचा थर कडक होतो आणि फावड्याने खरवडावा लागतो. म्हणजे पाणी ओसरल्यानंतरचे पहिले काही दिवसच खऱ्या कामाचे. त्यासाठी आराखड्यातच पाण्याचे नळजोड, पंप ठेवायची जागा आणि ट्रॅक्टर थेट काठापर्यंत नेता येईल अशी साडेतीन मीटर रुंदीची वाट हवी. पुराच्या पट्ट्यात खोलगट रंगमंच, पायऱ्यांची बंदिस्त कुंडं, नक्षीच्या खाचा असलेल्या फरश्या टाळाव्यात; या सगळ्या गाळाच्या वाट्या ठरतात.

वाटेच्या पृष्ठभागालाही हाच न्याय. मुरूम किंवा बारीक कच दाबून केलेली वाट पायाला मऊ आणि स्वस्त, पण वेगाच्या पाण्यात ती एका रात्रीत वाहून जाते. ती वरच्या पट्ट्यात करा. खाली काँक्रीट घेतलं तर नदीकडच्या कडेला ते जमिनीत खोल उतरवा. नाहीतर पाणी कडेखालची माती काढतं, वरून अखंड दिसणारा स्लॅब आतून पोकळ होतो आणि पहिल्याच ट्रॅक्टरखाली मोडतो.

काठ कसा टिकतो

काठ ढासळतो तो बहुधा पूर चढताना नाही, उतरताना. चढलेलं पाणी काठाच्या मातीत मुरतं आणि बाहेरचं पाणी तिला आधारही देत असतं. पूर झपाट्याने ओसरला की बाहेरचा आधार जातो, आतलं पाणी मात्र मातीतच अडकलेलं असतं. जड झालेला काठ मग एकसंध घसरतो. धरणाचे दरवाजे एकदम बंद झाले की खालच्या गावांत हेच घडतं. उतार जितका सौम्य तितका धोका कमी. एकास तीन, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर पसारा, हा मातीच्या आणि गवताच्या काठासाठी व्यवहारात बरा उतार. चार मीटर उंच काठाला मग बारा मीटर जागा लागते. ती जागा नाही म्हणून उभी भिंत, असा निर्णय घेण्याआधी वाट आणखी मागे सरकवता येते का ते तपासा.

दगडी पिचिंग, म्हणजे काठाच्या उतारावर बसवलेली दगडांची चादर, फसतं ते दोन ठिकाणी. एक, पायाशी: दगड नदीच्या तळाला टेकवून सोडले तर पाणी तळ खरवडतं आणि पूर्ण चादर खाली सरकते. पाया खरवडीच्या खोलीच्याही खाली न्यावा लागतो. दुसरं, दगडांमागे गाळणथर नसणं. बारीक खडीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) नसेल तर फटींतून माती शोषली जाते आणि दगड आत बसतात. वरून काही वर्षं काही कळत नाही.

जिवंत काठ, म्हणजे झाडांच्या मुळांनी बांधलेला काठ, मंद आणि मध्यम वेगाला उत्तम टिकतो आणि वर्षागणिक मजबूत होतो. वाळुंजसारख्या, फांदीपासून फुटणाऱ्या झाडांच्या ताज्या फांद्या घ्यायच्या: दोन ते पाच सेंटिमीटर जाड, साठ ते नव्वद सेंटिमीटर लांब. खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापायचं, म्हणजे घाईत उलटी लागत नाही. तीन चतुर्थांश लांबी जमिनीत, डोळे वरच्या दिशेने, भोवतीची माती पायाने घट्ट दाबलेली. पोकळी राहिली तर मूळ फुटण्याआधीच काडी वाळते. तोडल्यापासून लावेपर्यंत फांद्या पाण्यात बुडवून ठेवा. उन्हात एक दुपार गेली तरी निम्म्या मरतात. काठाच्या पायथ्याशी काथ्याच्या ३० सेंटिमीटर जाड वळकट्या खुंट्यांनी बांधतात. त्या नेहमीच्या पाण्याच्या पातळीवर निम्म्या बुडालेल्या हव्यात. वर ठेवल्या तर वाळतात, फार खाली गेल्या तर त्यांत लावलेला लव्हाळा गुदमरतो. काथ्या तीन-चार वर्षांत कुजतो. तोवर मुळांनी काम हाती घेतलेलं असावं लागतं.

कोणती पद्धत चालेल हे पुस्तकातून ठरत नाही. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ पार्कमध्ये कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा काढून तिथे वळणं घेत जाणारी सुमारे तीन किलोमीटरची नदी घडवली. उद्यान २०१२ मध्ये खुलं झालं. मुख्य काम सुरू करण्याआधी २००९ मध्ये एका छोट्या ओढ्यावर काठ बांधायच्या दहा पद्धती लावून पाहिल्या आणि त्यांतल्या टिकलेल्याच नदीवर वापरल्या. पन्नास-साठ मीटरचा असा तुकडा आणि एक पावसाळा, एवढी कळ प्रत्येक प्रकल्पाने काढावी.

म्युनिकमध्ये इझार नदीवर तर आणखी धीराचं काम झालं. २००० ते २०११ या काळात आठ किलोमीटरवरचे काठ मोकळे करून नदीला स्वतःची वळणं घ्यायला सोडलं. संरक्षक दगड काढून टाकले नाहीत. ते काठापासून मागे, जमिनीखाली गाडून ठेवले. नदी तिथवर सरकली तरच ते उघडे पडतात. तोपर्यंत तिला हवं तसं वागायची मुभा.

नदीत राहणाऱ्यांची जागा

काठ ‘नीट’ करताना पहिला बळी जातो तो उभ्या, उघड्या मातीच्या दरडीचा. खंड्या आणि वेडा राघू अशाच दरडीत आडवं बीळ खोदून अंडी घालतात. दरड उतरती करून तिच्यावर दगड बसवले की त्यांना तिथे जागाच उरत नाही. जवळ कितीही झाडं लावली तरी उपयोग नसतो. सर्वेक्षणातच अशा दरडी नकाशावर टिपा आणि त्यांच्या माथ्यावरून वाट नेऊ नका. टिटवी उघड्या खडीवर अंडी घालते, ती खड्यांसारखीच दिसतात. विणीच्या काळात खडीच्या बेटांकडे जाणारी वाट बंद ठेवावी लागते.

दोन्ही काठांवर वाट ही मागणी नेहमी येते. शक्य तिथे एक काठ माणसांचा आणि एक नदीचा ठेवा. वाटच पुलांवरून कधी या काठाला, कधी त्या काठाला न्या. चालणाऱ्यालाही पाण्यापासून कधी दूर, कधी अगदी जवळ असं चालायला जास्त आवडतं. पाण्याजवळच्या झाडीचा निदान तीस मीटरचा पट्टा सलग राहू द्या. पाण्यात पडलेलं झाड पुलाला धोका देत नसेल तर काढू नका, माशांची पिल्लं त्याच्याच आडोशाला वाढतात. दिवे कमी उंचीचे, पिवळसर, प्रकाश फक्त खाली पाडणारे असावेत आणि पाण्यावर प्रकाश पडू नये. पांढऱ्या दिव्याभोवती कीटक मरेपर्यंत घिरट्या घालतात आणि अंधार हवा असणारी वटवाघळं तो काठ सोडून जातात.

पाण्याजवळ जाणारा माणूस

नदीकाठी येऊन पाण्याला हात लावता आला नाही तर उद्यानाचा अर्धा हेतू गेला. पण प्रवेश सर्वांना हवा, आणि त्याला जागा लागते. चार मीटर खाली उतरायचं आहे. एकास वीस उताराने वाट ८० मीटर लांब होते. एकास बारा उताराने ४८ मीटर, पण दर ७५ सेंटिमीटर उतरल्यावर दीड मीटरचा सपाट टप्पा द्यावा लागतो. असे पाच टप्पे धरून जवळपास ५६ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा. व्हीलचेअर, बाळाची गाडी आणि काठी टेकत चालणारे आजोबा या सगळ्यांना पहिली वाटच सोपी जाते, आणि पुरात अडकणारा कठडाही लागत नाही. मुख्य वाट चालणारे आणि सायकली मिळून वापरणार असतील तर तीन मीटर हा किमान आकडा. गर्दीच्या ठिकाणी चार.

धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वाहत्या पाण्याची मीटरमधली खोली आणि सेकंदाला मीटरमधला वेग यांचा गुणाकार ०.४ च्या वर गेला की लहान मूल पाय रोवून उभं राहू शकत नाही, ०.६ च्या पुढे मोठ्यांचंही तेच. म्हणजे गुडघ्याएवढं, ४० सेंटिमीटर पाणी दीड मीटर वेगाने वाहत असेल तर धडधाकट माणूस पडू शकतो. त्याहून फसवा असतो कमी उंचीचा बंधारा. एक-दीड मीटरवरून पडणारं पाणी पायथ्याशी आडवं गोल फिरत राहतं आणि त्यात सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढतं. चांगले पोहणारेही तिथे बुडतात. उद्यानाच्या हद्दीत असा बंधारा असेल तर त्याच्या खाली मोठे दगड रचून एकास वीस किंवा त्याहून सौम्य उतार करावा. भोवरा जातो, आणि मासेही वर चढू शकतात.

वर धरण असेल तर निरभ्र दिवशीही पाणी अचानक वाढतं. धरणाच्या नियंत्रण कक्षाशी लेखी व्यवस्था, वरच्या बाजूला पाणीपातळी मोजणारं यंत्र, आणि खालच्या पट्ट्यात भोंगा व दिवे ही त्रयी हवीच. पाणी यंत्रापासून उद्यानापर्यंत यायला लागणारा वेळ हा लोकांना बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेच्या निदान दुप्पट असावा. तो नसेल तर खालचा पट्टा पावसाळ्यात बंद ठेवा.

पोहण्याबद्दलचा निर्णय पाणी तपासूनच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१२ च्या निकषात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणूंची सरासरी १२६ च्या आत असावी असं धरलं आहे. बहुतेक शहरी नद्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस असा निकष पाळत नाहीत, कारण नाले आणि गटारं भरून नदीत येतात. म्हणूनच उद्यानाच्या कामात नाले झाकू नयेत. झाकल्याने वास काही दिवस कमी होतो, पाणी तेवढंच घाण राहतं आणि त्याच्याकडे कोणाचं लक्षही राहत नाही. इझारमध्ये लोक उतरू शकतात त्यामागे वरच्या गावांच्या सांडपाणी प्रकल्पांत बसवलेलं अतिनील किरणांचं निर्जंतुकीकरण आहे, नुसते मोकळे केलेले काठ नाहीत.

देखभाल कोण करणार

अनेक गावांच्या उद्यानात बांधकामापेक्षा हा प्रश्न अवघड. नदीचं पात्र एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा, वन चौथ्याचं. पहिला दगड बसण्याआधी एक संयुक्त मंडळ आणि लेखी करार हवा: कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत गाळ कोण काढणार, पुराचा इशारा आला की फाटक कोण बंद करणार, विजेचं बिल कोणाच्या नावावर. सोलमधली चंग्येचन ही ५.८ किलोमीटरची धारा २००५ मध्ये खुली झाली. तिच्यात रोज सुमारे १,२०,००० टन पाणी पंपाने सोडावं लागतं, म्हणजे पंप आणि वीज यांचा खर्च कायमचा मागे लागला. आराखड्यातल्या प्रत्येक आकर्षक गोष्टीपुढे असा वार्षिक खर्चाचा रकाना लिहा आणि तो भरता येत नसेल तर ती गोष्ट वगळा. गवत महिन्यातून किती वेळा कापायचं एवढ्या साध्या नोंदीपासून सुरुवात करा. बहुतेक मैदानांवर दरमहा कापायची गरजच नसते.

सगळा पट्टा एकदम खुला करू नका. आधी दोन किलोमीटर करा, ज्याच्या दोन्ही टोकांना आजही लोक चालत येतात असे. निवडलेल्या दहा-बारा जागी खांब पुरून त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवा आणि प्रत्येक ठिकाणाहून ठरलेल्या दिशेने फोटो काढून ठेवा. पहिला मोठा पूर ओसरला की त्याच दिवशी, गाळ धुवायच्या आधी, प्रत्येक खांबावरची चिखलाची रेषा वाचा, गाळाची जाडी मोजा, तेच फोटो पुन्हा काढा आणि उंचीचा नकाशा दुरुस्त करा. पुढच्या दोन किलोमीटरची आखणी या दुरुस्त नकाशावर करायची.